कारभाराची नाडी कंत्राटदाराच्या हाती द्यावी का?

धागाकर्ती: आमच्या कंपनीची मालसाठ्याची संगणक प्रणाली तीन वर्षं एकच स्वतंत्र कंत्राटदार सांभाळत होता. काम चोख. करार संपला, तो गेला आणि त्याच महिनाअखेरीला अहवाल अडला. कोड होता, पासवर्ड होते. पण एका गोदामाचे आकडे दोनदा का वजा होतात, हे फक्त त्यालाच ठाऊक! बाहेरच्यांकडून काम जरूर करून घ्या, पण ज्यावाचून रोजचा कारभार अडतो ते घरच्याच माणसाकडे हवं, असं माझं ठाम मत झालंय.

प्रतिसाद १: सपशेल असहमत. अकरा वर्षं कंत्राटी सल्लागार आहे. प्रणाली कशी चालते याचे दस्तऐवज लिहायचे दिवस अंदाजपत्रकात धरले, की ग्राहक सगळ्यात आधी त्यांनाच कात्री लावतो. पगारी माणूसही राजीनामा देऊन जातोच ना? उलट साहेबांचा लाडका प्रकल्प तोट्यात चाललाय, हे मी पहिल्याच बैठकीत बोलू शकतो. ज्याची बढती त्याच साहेबांच्या हातात आहे, तो कसा बोलेल?

प्रतिसाद २: तुम्ही खरोखर स्वतंत्र असाल. पण रोज ठरल्या वेळी हजेरी, सुट्टीला परवानगी, दुसरं काम घ्यायला बंदी, आणि कागदावर मात्र ‘कंत्राटदार’, अशांचं काय? मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं राबलेल्या अशा लोकांनी दावा लावला. २००० साली ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. उबरच्या बाबतीत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये करारातल्या शब्दांपेक्षा प्रत्यक्षात कामावर ताबा कोणाचा हे पाहिलं आणि चालकांना किमान वेतन, पगारी रजा असे हक्क मिळाले. मी मनुष्यबळ विभागात आहे. असे करार माझ्या टेबलावरून जातात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

धागाकर्ती: @प्रतिसाद १, दस्तऐवजांचा मुद्दा मान्य. आमच्या करारात ती अटच नव्हती, चूक आमचीच. आणखी एक कळलं: हक्कांचं लेखी हस्तांतर नसेल तर बऱ्याच देशांत कोडचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे पैसे मोजूनही प्रणाली पूर्णपणे आमची नाहीच! माझं मत यामुळे आणखी पक्कं झालं.

प्रतिसाद १: मग माणूस बदलू नका, करार बदला. शेवटचा हप्ता हस्तांतरावर ठेवा. शेवटचे दोन आठवडे तुमच्या माणसाने प्रणाली चालवायची, कंत्राटदाराने फक्त शेजारी बसायचं. मी स्वतः हेच सुचवतो. दहांतले दोन ग्राहक ऐकतात.