अनुभव धागा : नखं कापायची म्हटलं की पलंगाखाली जाणाऱ्यांसाठी

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला तरी पंजे पोटाखाली घेऊन बसणारी कुत्री घरोघरी आहेत. पावसाळ्यात फिरणं कमी होतं, नखं झिजत नाहीत आणि फरशीवर टकटक सुरू होते. म्हणून हा धागा. 'आमच्या राजाने काय गोंधळ घातला' हे दुसरीकडे लिहा; इथे हत्यार, पकड, किती कापायचं, कुठे चुकतं एवढंच. झोपेत नखं कापून देणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांनी कृपया फक्त वाचावं.

व्रणोपचारक
आधी नख समजून घ्या. बाहेर कडक कवच आणि आत जिव्हाळी, म्हणजे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. तिच्या 2 मिमी अलीकडे थांबायचं. काळ्या नखात काहीच दिसत नाही, म्हणून एका घावात कापायचं नाही. 1 मिमीची चकती काढायची, कापलेलं तोंड बघायचं, मग पुढची. सुरुवातीला तोंड कोरडं, खडूसारखं भुरकट दिसतं. मधोमध ओलसर, गडद ठिपका दिसू लागला की थांबा. ठिपक्यानंतरची चकती रक्ताची.

नखं साधारण 18 असतात : पुढच्या पायांना अंगठ्यासकट पाच-पाच, मागच्यांना चार-चार. काहींना मागेही अंगठा असतो, तो केसांत लपतो. कुत्रं सपाट फरशीवर सरळ उभं असताना नख टेकायला नको, हे माप. फार वाढलेली नखं एकदम मापात येत नाहीत, कारण जिव्हाळीही नखाबरोबर लांबलेली असते. दर आठवड्याला टोक थोडं थोडं काढत राहिलात तर ती मागे सरकते. याला महिने लागतात.

कातरवाला
हत्याराबद्दल. माणसाचं नेलकटर पिल्लाच्या सुईसारख्या नखापुरतं ठीक. मोठ्या कुत्र्याचं नख गोलसर असतं, ते त्यात चेपतं आणि उभं चिरतं. कड्यात नख अडकवून दांडा दाबायचा प्रकार मिळतो, तो लहान जातींना बरा. त्यात कापणारं पातं आपल्या बाजूला हवं. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांना पक्कडीसारखं, दोन वाकड्या पात्यांचं कटर घ्या. त्यावरच्या अडसराच्या पट्टीवर विसंबू नका. तिला तुमच्या कुत्र्याची जिव्हाळी कुठे आहे ते माहीत नसतं.

आणि धार! पातं बोथट असलं की नख कापण्याआधी चेपलं जातं आणि ती कळ थेट जिव्हाळीला लागते. रक्ताचा थेंब नाही, पण कुत्रं किंचाळतं, आणि आपण म्हणतो नाटकी आहे. पातळ कागद कापून पाहा. तो दुमडला तर कटर बदला. 'नाठाळ' ठरवलेल्या कित्येक कुत्र्यांची तक्रार मुळात इथे असते.

एक_दिवस_एक_नख
धार ठीक असेल आणि तरी नकार असेल, तर तो बहुतेक वेळा धरण्याला असतो, कापण्याला नाही. तिघांनी दाबून अठराच्या अठरा नखं उरकली, तर पुढच्या वेळी चार माणसं लागतात. त्यामुळे दोन्ही गोष्टी वेगळ्या शिकवायच्या.

पहिले काही दिवस कटर नुसतं फरशीवर ठेवा. कुत्र्याने वास घेतला की खाऊ. मग हात : खांद्यापासून कोपर, मनगट, पंजा, शेवटी एकेक बोट. प्रत्येक टप्प्यावर चार-पाच स्पर्श, सगळं मिळून दोन-तीन मिनिटं, बास. क्रम महत्त्वाचा. आधी स्पर्श, मग खाऊ. खाऊची वाटी आधी पुढे आली तर हुशार कुत्रं आठवड्यात वाटीलाच घाबरू लागतं.

आवाजाची सवय वेगळी. पंज्याजवळ खराट्याची काडी किंवा कच्ची मॅकरोनी कटरने कापा. 'कट्' झालं की खाऊ. मग कटर नखाला नुसतं टेकवा, न कापता. हे सगळं शांतपणे होऊ लागलं की पहिलं नख कापा, फक्त टोक. त्या दिवशी एवढंच. दुसरं नख उद्या. अठरावं होईपर्यंत पहिलं पुन्हा वाढायला लागलेलं असतं, म्हणजे कायमचा फेरा बसतो आणि 'नखं कापायचा दिवस' नावाची भानगडच उरत नाही.

खाऊ रोजचा नको. बिनमिठाची उकडलेली चिकनची कलेजी, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. दूध-दही पचत असेल तर ताटलीला चक्का थापून चाटायला द्या, साखर न घातलेला. श्रीखंड नाही! पीनट बटर देत असाल तर लेबल वाचा; त्यात साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल कुत्र्याला विष आहे.

थांबायचं कधी? ओठ चाटणं, जांभई, कान मागे, डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसणं, या झाल्या पहिल्या सूचना. अंग एकदम ताठ होऊन श्वास रोखला तर पंजा लगेच सोडा. गुरगुरण्याबद्दल रागवू नका. रागावलात तर गुरगुरणं बंद होतं, चावणं नाही.

मागचा_पाय
पकड : आपला अंगठा बोटाच्या गादीवर, तर्जनी वरून नखाच्या मुळाशी. गादी हलकेच वर-मागे दाबली की नख पुढे येतं. मूठ आवळायची नाही. केस मागे सारा, नाहीतर पात्यात ओढले जातात. मागचा पाय घोड्याला नाल मारताना घेतात तसा, मागच्या मागे उचलायचा. बाजूला फाकवलात तर खुब्याला पीळ बसतो. म्हातारी कुत्री आणि खुबा अधू असलेले शेफर्ड तिथेच ओरडतात. त्यांना कुशीवर झोपवून कापा. छोट्या कुत्र्याला टेबलावर घेतलं तर खाली रबरी चटई हवीच. पाय घसरला की त्याचा सगळा विश्वास गेला.

गोचीडशत्रू
एक राहिलं. कालपर्यंत पंजा देणारं कुत्रं अचानक देईनासं झालं तर आधी बोटांच्या बेचक्या उघडून बघा. पावसाळ्यात तिथे ओल राहते, लाली, चिकट तपकिरी थर, आंबूस वास येतो. कधी गोचीड चिकटलेली असते, कधी नख मुळाशी तडकलेलं असतं. दुखऱ्या पंज्यावर सवयीचे प्रयोग करू नयेत. एकाहून जास्त पायांची नखं ठिसूळ होऊन सुटून पडत असतील तर कटर ठेवा आणि डॉक्टर गाठा. नखांचा एक प्रतिकारशक्तीचा आजार असतो, तो कापून बरा होत नाही.

तुरटीची_डबी
रक्त आलंच तर : पंजा सोडू नका, पळापळ करू नका. रक्त थांबवणारी पूड औषधाच्या दुकानात मिळते. नसेल तर तुरटीची बारीक पूड किंवा कॉर्नफ्लोर. चिमूटभर पूड नखाच्या तोंडावर दाबायची आणि घड्याळ लावून 2 ते 3 मिनिटं दाबूनच ठेवायची. दर दहा सेकंदांनी 'थांबलं का' बघितलं की गुठळी निघते आणि पुन्हा सुरू. नंतर तासभर चालणं-पळणं कमी. डबी कापायला बसण्याआधी उघडून जवळ ठेवा, नंतर शोधत फिरू नका. हळदही चालते.

गोचीडशत्रू
तुरटीकाका, हळदीवर विसंबू नका. तिने रक्त थांबतं असं नाही, पंजा आणि सोफा मात्र पिवळा होतो, आणि खाली किती रक्त आहे तेही दिसत नाही. दाब महत्त्वाचा. दाबून धरूनही 15-20 मिनिटांत थांबलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. आपल्याकडे गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, आणि तो कधी कधी अशा साध्या नखाच्या जखमेवरूनच पहिल्यांदा कळतो.

पॉलिशपेपर
पंजा धरूच देत नसेल तर त्यालाच घासू द्या. साधारण दोन फूट बाय एक फूट प्लायवर 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा, छोट्या कुत्र्याला 120. फळी तिरकी धरायची, फडक्याखाली खाऊ दाबला की तो पंज्याने उकरतो. एका बाजूला पाच-सहा वेळा घासलं की पुरे. गादी घासली जाते का ते दर वेळी बघा. तोटे : मधली दोन नखं जास्त झिजतात, कडेची कमी, आणि अंगठ्याला काहीच होत नाही. अंगठा जमिनीला टेकत नाही, म्हणून तो गोल वळून कातडीत रुततो. बाकी सगळी नखं फळीवर सोडा, पण ही दोन कटरनेच.

कातरवाला
आता ग्राइंडर, म्हणजे फिरत्या टोकाने नख घासणारं यंत्र. चांगला, काळ्या नखांना विशेष. पण एका जागी दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, नख तापतं. टेकव, उचल, पुढचं नख, परत ये. लांब केसांच्या कुत्र्याला जुना पायमोजा चढवून नखं त्यातून बाहेर काढा, नाहीतर केस फिरत्या टोकात गुंडाळतात. नखाची धूळ उडते, तेव्हा तोंडाला मास्क. यंत्राची घरघर आधी दुसऱ्या खोलीतून ऐकवा.

व्रणोपचारक
चावणाऱ्या कुत्र्यासाठी पिंजऱ्यासारखी जाळीची मुसकी घ्या, तिच्यात धापा टाकता येतात आणि जाळीतून खाऊ देता येतो. कापडी मुसकीत तोंड मिटलेलं राहतं, उन्हाळ्यात ती दोन-तीन मिनिटांच्या वर ठेवणं धोक्याचं. बॉक्सर, पग यांसारख्या चपट्या नाकाच्यांना तर नकोच. मुसकीचीही सवय वेगळी लावावी लागते, त्यात नाक घातलं की खाऊ.

तरी जमत नसेल तर डॉक्टरांना भीती कमी करणारी गोळी विचारा. ती वजनावर ठरते आणि कापण्याच्या तास-दोन तास आधी देतात. एकदा रिकाम्या दिवशी देऊन परिणाम पाहून ठेवतात. माणसाचं झोपेचं औषध किंवा पॅरासिटामॉल अंदाजाने देऊ नका. भूल देऊन दात साफ करायचे असतील तर त्याच टेबलावर नखंही कापून घ्या, आधी सांगून ठेवा.

आणि दात लागलाच, कुत्रं लस घेतलेलं असलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. मग इंजेक्शनचं विचारायला त्याच दिवशी दवाखान्यात जा.

मागचा_पाय
रस्त्यावरून घरात आणलेल्या इंडीबद्दल, म्हणजे देशी गावठी कुत्र्याबद्दल : बाहेर डांबर आणि दगडावर नखं आपोआप झिजत होती, गुळगुळीत टाइल्सवर झिजत नाहीत. पहिल्या महिन्यातच पंज्यांना हात लावायची सवय सुरू करा, नखं वाढायची वाट बघू नका. कारवानी, पश्मी, मुधोळ या शिकारी जातींची बोटं लांब आणि कातडी पातळ, त्यांना जोराची पकड बिलकूल चालत नाही. उभ्या उभ्याच, पंजा जमिनीपासून चार बोटं उचलून कापा. आणि अंघोळीनंतर लगेच कापलंत तर नख मऊ असतं, चिरत नाही.