वाकलेलं अलॉय चाक सरळ करू, जुनं घेऊ की नवा सेट? शिवाय टीपीएमएस (टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा) कोणतं?

पंचगंगाकाठी:
गाडी २०१८ ची क्रेटा, १७ इंची डायमंड कट (दर्शनी बाजू कातून चकाकवलेली) अलॉय, टायर २१५/६० आर१७. पुण्याहून येताना साताऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललंय, तिथे डावं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. आता ८० च्या वर स्टेअरिंग थरथरतं आणि त्या चाकातली हवा हळूहळू उतरते. टायरवाल्याने पाण्यात बुडवून पाहिलं, पंक्चर नाही. रिम आतून वाकलीये, गॅसवर तापवून बडवून देतो म्हणाला. बाकीच्या तिन्ही चाकांवर वरचं पारदर्शक लॅकर सुटून पांढरे डाग पडलेत. चारही रंगवून घ्यावीत, कुर्ल्यातून जुनी आणावीत की नवा सेट घ्यावा? गाडीत टीपीएमएस नाही, तेही आता बसवायचंय. घरचे वरचेवर घाटातून जातात, त्यामुळे दिसण्यापेक्षा भरवसा महत्त्वाचा.

टायरगिरी:
तापवून बडवू देऊ नका, बाकी सगळं नंतर.

अलॉय म्हणजे ओतीव अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन. कारखान्यात ते ५०० अंशांच्या वर तापवून पाण्यात बुडवतात आणि मग दीडशेच्या आसपास काही तास ठेवतात. ताकद येते ती यातून. गॅसच्या ज्योतीखाली तेवढ्या भागातली ती ताकद जाते. त्यात अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लालबुंद होऊन इशारा देत नाही, त्यामुळे किती तापलं हे बडवणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळतच नाही. रिम सरळ होते, बॅलन्सिंगही होतं आणि पुढच्या खड्ड्यात त्याच जागी तडकते. सरळ करायचीच तर हायड्रॉलिक जॅकच्या मशीनवर, दाब हळूहळू देत, डायल गेज (वाकडेपणा मोजणारं माप) लावून.

त्याआधी टायर उतरवून आतली कड स्वच्छ पुसा आणि डाय पेनिट्रंट मारून घ्या. लाल द्रव लावायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तुम्ही कोल्हापूरचे ना? शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा, त्यांचं हे रोजचं काम आहे.

नुसता बाक असेल तर सरळ करून वापरा. आतल्या कडेला चीर असेल तर आर्गन वेल्डिंग करणारे भेटतील. मी ते चाक पुढे लावणार नाही, फार तर स्टेपनीला. स्पोकवर किंवा नटांच्या भोकांजवळ चीर असेल तर थेट भंगारात. आणि हो, टायरच्या बाजूला फुगा आलाय का तेही आतून-बाहेरून बघा. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. त्याला दुरुस्ती नाही.

बारामतीबाबा:
एवढा खटाटोप कशाला? खालच्या व्हेरियंटला कंपनीच २०५/६५ आर१६ देते. १६ च्या रिम टाका, टायरची भिंत जाड होईल, खड्ड्यांची चिंता मिटेल.

टायरगिरी:
बाबा, हिशोब करून बघा, भिंतीची उंची म्हणजे टायरच्या रुंदीचे टक्के. २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९ मिमी आणि २०५ चे ६५ टक्के म्हणजे १३३. चार मिमीसाठी चार रिम आणि चार टायर? टायर संपत आले असते तर मीही हेच सुचवलं असतं.

कुर्लाकर:
कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एकेकटं चाक मिळतं, पूर्ण सेटची सक्ती नसते. ५x११४.३ पीसीडी (पाच नट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिमी) एवढंच बघून घेऊ नका. जुन्या ब्रेझाचा पीसीडी हाच आहे, पण मधलं भोक ६०.१ मिमी आणि क्रेटाला ६७.१ लागतं, म्हणजे ते हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) चढणारच नाही. भोक मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारं कडं) लागते, नाहीतर बॅलन्सिंग करूनही थरथर जात नाही. मागच्या बाजूला कोरलेला ईटी आकडा (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि रुंदी तुमच्या जुन्या चाकाशी जुळवा. आतून ताजा रंग मारलेलं चाक दिसलं की पुढच्या दुकानात जा. कोणी उगीच आतून रंगवत नाही.

नवा सेट घ्यायचाच तर आयएसआय शिक्का आणि एका चाकाची भारक्षमता किती किलो लिहिलीये ते बघा. वजनाने फार हलकं आणि किमतीने फार स्वस्त दिसलं तर मी हात लावत नाही.

डेक्कनकर:
रंगाबद्दल. डायमंड कट परत करायचा म्हणजे सीएनसी लेथवर चेहऱ्याचा थर कातायचा. दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे हे फार वेळा जमत नाही. शिवाय लॅकरला दगड लागला की पाणी आत शिरतं आणि पुन्हा तेच पांढरे डाग. माझं मत, चारही चाकं सरसकट गनमेटल (गडद राखाडी) पावडर कोटिंग, म्हणजे पूड फवारून भट्टीत पक्का केलेला रंग. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. नट बसतात त्या जागा आणि हबला टेकणारा भाग झाकून घ्यायला सांगा. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि नट सैल होतात. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनी टॉर्क पान्याने तपासा, क्रेटाला ११ ते १३ केजीएफ-एम (किलोग्रॅम-फोर्स मीटर).

टीपीएमएस: टायर उतरणारच आहेत, मग आतले सेन्सर घ्या. बाहेरून व्हॉल्व्हवर लावायच्या सेन्सरच्या टोप्या स्वस्त, पण चोरीला जातात, रबरी व्हॉल्व्हवर वजन येतं आणि पावसाळ्यात व्हॉल्व्हच्या पितळी आट्यांवर अ‍ॅल्युमिनियम गंजून धरून बसतं. आतल्यांची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते, मग सेन्सरच बदलायचा. सेन्सर रंगकाम झाल्यावरच बसवा, भट्टीत नाही. टायरवाल्याला व्हॉल्व्हची जागा आधी दाखवा, नाहीतर बीड (टायरची रिमवर बसणारी कड) काढताना पट्टीने सेन्सर फुटतो. पंक्चरचं लिक्विड टायरमध्ये घालू नका, सेन्सरचं भोक बुजतं.

दाब ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरप्रमाणे, थंड असताना. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो. एक्स्प्रेसवेवर आकडा चढला म्हणून हवा सोडणारे लोक बघितलेत, तसं करू नका. इशारा स्टिकरच्या २०-२५ टक्के खाली लावा.

न्यूजर्सीकर:
इकडे अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना टीपीएमएस सक्तीचं आहे. फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्स्प्लोररच्या अपघातांनंतर २००० मध्ये कायदा झाला. पहिल्या थंडीच्या सकाळी निम्म्या पार्किंगमधल्या गाड्यांचा दिवा लागलेला असतो. भारतातही ऑक्टोबर २०२० पासून टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा आहे. तुमची स्टेपनी आहे ती सांभाळा.

पंचगंगाकाठी:
शिरोलीत ओळखीच्या फाउंड्रीत पेनिट्रंट मारून घेतलं. आतल्या कडेला बोटभर लाल रेघ आली, म्हणजे ते चाक बाद. टायरला फुगा नाही. कुर्ल्यातून एक चाक बघतो, मग चारही गनमेटल आणि आतले सेन्सर. त्या जुन्या चाकालाही आधी पेनिट्रंट मारू ना?

टायरगिरी:
हो, पण रंग पूर्ण उतरवल्यावर. कोटिंगवाल्याला सांगा, रंग काढला की थांब, आम्ही तपासून गेल्यावरच पावडर मार.