मदत हवी आहे: अष्टा-चंग्याच्या पटावर आकडे लिहावेत का?

आम्ही इंदूरला राहतो. मुलगा पाच वर्षांचा आहे. घरी मराठी असली तरी शाळेत आणि गल्लीत हिंदीच चालते, त्यामुळे त्याला मराठी समजते सगळी, पण बोलताना वाक्य अर्ध्यावरच हिंदीकडे वळते. हल्ली दुपारी सासूबाई त्याच्याबरोबर अष्टा-चंगा खेळतात. ओसरीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखतात, सुरक्षित घरांवर फुल्ल्या काढतात आणि चार कवड्या टाकतात. जितक्या उताण्या पडतील तितके दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळते.

परवा तो म्हणाला, "आजी, तू इथे आलीस तर माझी वाली तुला मारेल, म्हणून तू फुल्लीवरच थांब." "माझी वाली" हे इंदुरीच, पण एवढे लांब, कार्यकारण सांगणारे मराठी वाक्य एरवी त्याच्याकडून ऐकायला मिळत नाही. सासूबाई त्याला टोकत नाहीत. तेच वाक्य नीट करून स्वतः म्हणतात आणि डाव पुढे नेतात. मला ही पद्धत फार योग्य वाटते.

अडचण मोजण्याची आहे. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रामानी या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये दाखवले की, एका ओळीत 1 ते 10 आकडे असलेल्या पटावर खेळताना मुलांनी सोंगटी ज्या घरात जाते त्या घराचा आकडा मोठ्याने म्हटला, तर त्यांची संख्यांची समज वाढते. पुढे गोलाकार पटावर तसा फायदा दिसला नाही. आमचा मुलगा दर दानाला "एक, दोन, तीन" असे नव्याने मोजतो. घरांत आकडे लिहावेत म्हटले, तर प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या बाजूने होत असल्याने एकाचे आकडे दुसऱ्याला लागू पडत नाहीत, शिवाय आतल्या फेरीत दिशाही उलटते.

तेव्हा बालवाडीच्या शिक्षिकांना आणि वाचा-उपचार करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, अष्टा-चंगा केवळ बोलण्यासाठी ठेवून आकड्यांसाठी एका ओळीचा वेगळा पट आखावा का, हे कृपया सांगावे. आणि ज्यांच्या घरी नवकंकरी (दोघांनी पटावर सोंगट्या मांडून खेळायचा खेळ) खेळली जाते त्यांना विचारायचे आहे, की या वयात नऊ-नऊ सोंगट्या सांभाळणे जमते, की आधी तीन-तीन सोंगट्यांचा लहान पट घ्यावा?