पिशवीतली पुस्तिका बाहेर काढायला हवी होती का?

मोहरीचा_दाणा (धागाकर्ती)

गेले तीन आठवडे एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते आहे. मी ख्रिस्ती आहे, आधी जन्माने आणि पुढे मनाने. ओळखीतल्या एक बाई इस्पितळात आहेत, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांचा धर्म वेगळा. मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाते. हात थरथरतात, त्यामुळे त्यांना स्वतःचे केस विंचरता येत नाहीत, ते काम माझ्याकडे आहे. पडून पडून मानेमागे गुंता होतो. मुळाशी एका हाताने घट्ट धरायचं आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत वर यायचं, नाहीतर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. अर्धा तास सहज लागतो. तेवढ्या वेळात कधी आम्ही बोलतो, कधी नाही.

माझ्या पिशवीत योहानाच्या शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राची, छोटी पुस्तिका असते. ती मी एकदाही बाहेर काढलेली नाही.

गेल्या रविवारी उपासनेनंतर प्रार्थनागटात एकांनी विचारलं, "सुवार्ता सांगितलीस का त्यांना?" म्हणजे येशूबद्दल सांगितलंस का. मी नाही म्हटलं. सगळे गप्प झाले. मग कुणीतरी म्हणालं, "उद्या त्या गेल्या, तर देवाला काय उत्तर देशील?"

माझं म्हणणं असं. देवाची प्रीती सगळ्यांसाठी आहे हे खरं असेल, तर ती त्या बाईंपाशी माझ्याआधीच पोचलेली आहे. मी ती घेऊन जात नाही, तिच्या मागोमाग जाते. विंचरून दिल्याच्या बदल्यात त्यांनी माझं ऐकून घ्यावं असं मनात जरी आलं, तरी ते विंचरणं खोटं होईल. शिवाय त्या उठून जाऊ शकत नाहीत. ज्याला उठून जाता येत नाही अशा माणसाला मी काय सांगू? असिसीचे संत फ्रान्सिस म्हणालेच आहेत ना, "सदैव सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा."

तुम्हाला काय वाटतं? सहमत नसाल तर तसं मोकळेपणाने लिहा.

साक्षीदार

ताई, तुमची तळमळ कळते, पण मी असहमत आहे.

मी विश्वासात आलो तो रात्रपाळीतल्या एका सहकाऱ्यामुळे. माझ्या शेजारच्या यंत्रावर ते सात वर्षं होते. चूक माझी असली तरी आधी स्वतः पुढे व्हायचे. मी आजारी पडलो की माझं काम उरकून ठेवायचे. मला वाटायचं, माणूसच भला आहे. त्यांचा सगळा चांगुलपणा मी त्यांच्याच खात्यावर जमा करत गेलो. देवाच्या नावावर त्यातला छदामही मांडला नाही, कारण देवाचं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. सातव्या वर्षी एका रात्री वीज गेली आणि अंधारात बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की आपण एके काळी दारूत पार बुडालो होतो आणि तिथून आपल्याला कुणी वर काढलं. त्या काळात मी स्वतः त्याच खड्ड्यात होतो आणि हे त्यांना माहीत होतं. मला आनंद नाही झाला, राग आला. म्हटलं, सात वर्षं का गप्प बसलात?

बायबलमध्ये प्रेषित पौल रोमकरांस पत्रात, दहाव्या अध्यायात, हेच विचारतो: ज्याच्याविषयी ऐकलंच नाही त्याच्यावर लोक विश्वास कसा ठेवणार, आणि कुणी सांगितलंच नाही तर ऐकणार तरी कसे? मत्तयच्या शुभवर्तमानातली, २८ व्या अध्यायातली, प्रभू येशूची शेवटची आज्ञा जा, शिष्य करा, शिकवा अशी आहे. आपल्याला संकोच वाटत नसेल तेव्हाच करा, असं तिथे कुठेही नाही. भुकेल्याच्या उशाशी बसून भाकर पिशवीत ठेवणं हे मला प्रेम वाटत नाही.

जुनी_वही

थोडं अवांतर, पण ते आधी व्हायला हवं. फ्रान्सिसच्या नावावर खपणारं ते वाक्य त्याचं नाही. त्याच्या लेखनात ते सापडत नाही, त्याच्या सुरुवातीच्या चरित्रांतही नाही. खरा फ्रान्सिस भरपूर बोलायचा. १२१९ मध्ये, क्रूसेडचा, म्हणजे मुसलमानांविरुद्धच्या ख्रिस्ती धर्मयुद्धाचा, वेढा चालू असताना, तो इजिप्तमधल्या दमिएत्तापाशी शत्रूची रेषा ओलांडून शस्त्राशिवाय सुलतान अल-कामिलला भेटायला गेला. तिथे तो मूक बसला नाही. आणि सुलतानाने त्याला सुखरूप परत पाठवलं.

त्याने खरंच जे लिहिलं ते मात्र, मोहरीचा_दाणा, तुमच्या जास्त कामाचं आहे. आपल्या संघाच्या १२२१ च्या नियमावलीत, सोळाव्या प्रकरणात, मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बांधवांना तो दोन मार्ग सांगतो. पहिला मार्ग म्हणजे वादविवाद करायचे नाहीत, देवासाठी प्रत्येक माणसाच्या अधीन राहायचं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करायचं. दुसरा, देवाला ते आवडतं आहे असं दिसेल तेव्हा वचनाची घोषणा करायची. क्रूसेडच्या धामधुमीत कुणी हे लिहितो, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मात्र पहिल्या मार्गातही "कबूल करायचं" आहे. तुम्ही ते केलं आहे का? त्या बाईंना तुम्ही ख्रिस्ती असल्याचं माहीत आहे?

मोहरीचा_दाणा

अवतरणाबद्दल आभार, वर्षानुवर्षं चुकीचं सांगत आले. हो, त्यांना माहीत आहे. गळ्यातला क्रूस विंचरताना पुढे लोंबतो, एकदा त्यांनी तो हातात धरून पाहिला होता. विचारलं मात्र काही नाही.

पहाटवारा

मी ख्रिस्ती नाही. खाटेच्या दुसऱ्या बाजूने लिहितो आहे.

वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा चार-पाच जणांचा एक गट त्यांना भेटायला यायचा. माणसं मायेची होती, हे आधी लिहितो, कारण ते खरं आहे. वडिलांचे पाय दाबायचे, त्यांच्या जुन्या नोकरीतल्या गोष्टी ऐकून घ्यायचे. तिसऱ्या भेटीत त्यांनी येशूबद्दल सांगितलं, देवाचं तुमच्यावर प्रेम आहे म्हणाले. वडिलांनी नीट ऐकलं. चौथ्या भेटीत हात जोडून म्हणाले, "तुम्ही चांगलं सांगता, पण मला माझ्या देवाचं नाव घेत जाऊ द्या." तेही हसले, हरकत नाही म्हणाले.

पाचवी भेट झाली नाही.

पुढचे पंधरा दिवस वडील दुपारी दाराकडे बघायचे. "ती मंडळी आली नाहीत का रे आज?" असं विचारायचे. मी काहीतरी कारण सांगायचो. त्यांचा देव सगळ्यांवर प्रेम करतो हे त्याच माणसांनी सांगितलं होतं. वडिलांनी नाही म्हटलं आणि पायांवरचे हात गेले. यातून त्यांनी त्या देवाबद्दल काय समजायचं होतं?

साक्षीदार, भाकरीची उपमा तुमच्या बाजूने ठीक आहे. पण समोरचा भुकेला आहे हे तुम्ही त्याला न विचारताच ठरवलेलं असतं.

साक्षीदार

पहाटवारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मान खाली गेली. त्या लोकांच्या वतीने क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही, तरी मागतो.

मत्तय २३ मध्ये परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मगटाला, येशू जे म्हणतो ते आम्ही फारसं वाचत नाही: एक माणूस आपल्या मतात आणण्यासाठी तुम्ही समुद्र आणि भूमी पालथी घालता, आणि आणल्यावर त्याला तुमच्याहून दुप्पट वाईट करून ठेवता. माणसं मोजत हिंडण्याबद्दल इतकं कडक दुसरं कुणी बोललेलं नाही.

पण चूक तिसऱ्या भेटीत झाली की पाचव्या? माझ्या मते पाचव्या. त्यांनी सांगितलं ही चूक नव्हती. नकारानंतर आले नाहीत, ही होती. पाचव्या भेटीच्या पापासाठी तिसरी भेटच रद्द करायची, हे मला पटत नाही.

वाटसरू

मला या घाईचंच कोडं वाटतं. मी कॅथलिक आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे आमच्या चर्चच्या जागतिक धर्मसभेने, 'लुमेन जेन्शियम' या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान माहीत नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाच्या आज्ञेप्रमाणे जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. कार्ल राहनर हा धर्मपंडित तर अशांना 'अनामिक ख्रिस्ती' म्हणायचा. मग त्या बाईंचं काय होईल याची चिंता धागाकर्तीने का करावी? ते देवाचं काम आहे. तुम्ही केस विंचरा.

पहाटवारा

एक विनंती. माझ्या वडिलांना 'अनामिक ख्रिस्ती' म्हणू नका. त्यांना नाव होतं, धर्म होता, आणि दोन्ही त्यांना प्रिय होतं. हेतू चांगला आहे हे दिसतं, तरी या शब्दात त्यांचं 'नाही' ऐकलंच गेलेलं नाही.

वाटसरू

बरोबर आहे. शब्द मागे घेतो. हा आक्षेप राहनरवर त्याच्या काळातही घेतला गेला होता, माझ्या लक्षात यायला हवा होता.

साक्षीदार

वाटसरू, त्याच परिषदेने पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, 'आद जेन्तेस' हा दस्तऐवज काढला आणि त्यात ख्रिस्तमंडळी स्वभावतःच प्रेषितकार्य करणारी, म्हणजे सुवार्ता पोचवणारी, आहे असं म्हटलं. दोन्ही कागद एकाच सभेचे आहेत, एक दाखवून दुसरा झाकता येत नाही.

आणि सांगणाऱ्याचं मन पुरतं शुद्ध होईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर कुणीच कधी बोलणार नाही. बायबलमधला संदेष्टा योना बघा. देवाने निनवे शहराकडे जा म्हटल्यावर तार्शीशच्या जहाजात बसून पळाला, शेवटी गेला तो अनिच्छेने, आणि त्याचा संदेश काय, तर चाळीस दिवसांत हे शहर पालथं होईल. एवढंच. त्यात प्रेमाचा एक शब्द नाही. तरी सगळं शहर पश्चात्ताप करून बसलं. देवाने वाकड्या माणसाकडूनही काम करून घेतलं.

मोहरीचा_दाणा

दादा, पण योनाचं पुस्तक तिथे संपत नाही ना! निनवे वाचते तिसऱ्या अध्यायात. चौथा अख्खा योनासाठी आहे. शहर वाचलं म्हणून तो चिडून बाहेर जाऊन बसतो, डोक्यावरचा वेल सुकला म्हणून आणखी चिडतो, आणि देव त्याला विचारतो: ज्यांना उजवंडावं कळत नाही असे एक लाख वीस हजारांहून अधिक लोक आणि पुष्कळ गुरंढोरं या शहरात आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का? पुस्तक या प्रश्नावर थांबतं. योनाचं उत्तर दिलेलं नाही. म्हणजे शहराचं काम झाल्यावरही, ज्याने निरोप नेला त्याच्याशी देवाचं बोलणं अपुरं राहिलेलं आहे. माझी भीती नेमकी तीच आहे. मी निरोप देईन आणि स्वतः बाहेर उन्हात बसून राहीन.

लूकच्या शुभवर्तमानात अजून एक जागा आहे. नवव्या अध्यायात एक शोमरोनी गाव, म्हणजे यहुद्यांशी वैर असलेल्या लोकांचं, येशूला उतरू देत नाही. याकोब आणि योहान हे शिष्य विचारतात, आकाशातून अग्नी पडू दे म्हणू का? येशू वळून त्यांनाच दटावतो आणि दुसऱ्या गावाला जातो. लगेच दहाव्या अध्यायात तो वाटेत जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीत चांगला वागणारा कोण? शोमरोनी. ज्यांनी दार लावलं त्यांच्यातला माणूस त्याने शेजारधर्माचा नमुना म्हणून पुढे ठेवला. नकाराला दिलेलं यापेक्षा सुंदर उत्तर मला माहीत नाही.

जुनी_वही

ही जोडी माझ्या कधी लक्षात आली नव्हती. छान.

'नाही' म्हणण्याच्या हक्काबद्दल दोन गोष्टी. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेन या ख्रिस्ती राजाने जिंकलेल्या सॅक्सन लोकांवर कायदा लादला: बाप्तिस्मा नाकारला तर मृत्युदंड. त्याच्याच दरबारातल्या अल्क्विन या विद्वानाने ७९६ मध्ये पत्रं लिहून विरोध केला. माणसाला विश्वासाकडे आकर्षित करता येईल, सक्तीने ढकलता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे जबरदस्ती चूक आहे हे आपल्याला आज सुचलेलं नाही. ते तेव्हाही आतल्याच माणसाने सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट थेट या धाग्याची. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं मंडळ आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स, म्हणजे एरवी एका टेबलावर न दिसणारे तिघे, यांनी मिळून साक्ष कशी द्यावी यावर एक निवेदन काढलं. साक्ष देणं ख्रिस्ती माणसासाठी अपरिहार्य आहे असं ते म्हणतं. आणि आजाऱ्यांची सेवा करताना त्यांच्या असहायतेचा, बरं होण्याच्या गरजेचा फायदा घेतला जाणार नाही याची काळजी घ्या, असंही म्हणतं. साक्षीदार आणि मोहरीचा_दाणा, तुम्ही दोघांनीही ते वाचावं.

मोहरीचा_दाणा

सगळ्यांचं वाचलं. एक कबुली द्यायची आहे.

साक्षीदारदादांचं 'खात्यावर जमा' मनात रुतलं. मागच्या गुरुवारी त्या बाई परिचारिकेला म्हणाल्या, "ही पोरगी म्हणजे देवमाणूस आहे." मला बरं वाटलं. मी हसले आणि गप्प राहिले. त्या वेळचं गप्प राहणं ही काही त्यांच्या धर्माची कदर नव्हती. ते कौतुक मला स्वतःकडे ठेवायचं होतं. खरं तर महिनाभर मी स्वतः इतकी कोरडी आहे की सकाळची प्रार्थनासुद्धा होत नाही, आणि तरी तिथे जाण्याचं बळ कुठून येतं हे मला पक्कं माहीत आहे. तेवढं तरी सांगणं माझ्याकडून देणं होतं.

पुस्तिका देणार नाही. त्याबाबत माझं मत बदललेलं नाही. पण हे बळ माझं नाही, ज्याने माझ्यावर आधी प्रीती केली त्याचं आहे, एवढं एक वाक्य सांगेन. आणि तुमच्यासाठी प्रार्थना करू का, असं विचारेन.

साक्षीदार

मी पुस्तिकाही दिली असती. पण त्या एका वाक्यासाठी आज रात्री प्रार्थना करतो. त्या बाईंसाठी आणि तुमच्यासाठीही.

पहाटवारा

विचारा. मात्र विंचरून झाल्यावर विचारा. केस तुमच्या मुठीत असताना नको. फणी खाली ठेवा, समोर येऊन बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्यांना दिसेल आणि नाही म्हणायचं असेल तर म्हणता येईल. आणि नाही म्हणाल्या, तर पुढच्या वेळी नेहमीच्या वेळेला जा. उशीर करू नका, त्या दाराकडे बघत असतील.

मोहरीचा_दाणा

जाईन. फणी हल्ली त्यांच्याच खणात ठेवून येते.