कार्डाआधी बोर्ड आणि एसएमपीएस बघा
जुन्या पीसीला एएमडीचं आरएक्स ६४०० हे ग्राफिक्स कार्ड लावावं का, या प्रश्नावर मी तरी नाही म्हणेन. ते ५३ वॅटमध्ये भागतं हे खरं, पण त्याला पीसीआयई ४.० च्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात डेटा नेणाऱ्या जोडणीच्या) चारच लेन, म्हणजे मार्गिका आहेत. मदरबोर्ड जुन्या पीसीआयई ३.० वाला असेल तर बँडविड्थ निम्मी होते आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्ड होणारा व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) नाही, म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंगचा भार पुन्हा बिचाऱ्या जुन्या प्रोसेसरवरच.

त्यापेक्षा सेकंडहँड जीटीएक्स १६५० शोधा. सोळा लेन आहेत, आणि स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालणारी मॉडेल्स मिळतात. काहींना मात्र सहा पिनांची वेगळी वायर लागते. तुमच्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) ती आहे का, ते कॅबिनेट उघडून आधी बघा.

नुसते व्हिडिओ आणि दुसरा मॉनिटर एवढंच हवं असेल तर जीटी १०३० पुरे, पण जीडीडीआर५ मेमरीवालंच. डीडीआर४ वालं त्याच नावाने विकतात आणि मेमरीचा वेग जेमतेम एक तृतीयांश! शुद्ध लबाडी आहे ही.

इंटेलचं आर्क कार्ड कितीही स्वस्त दिसलं तरी रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या बोर्डावर नको.