मदत हवी आहे : दारणाकाठच्या वस्तीत बिबट्यापासून गोठा कसा सुरक्षित करावा?

नाशिकजवळ दारणाकाठी, उसाला लागून ८ घरांची वस्ती आहे. ६ शेळ्या, २ वासरं. बांधावर बिबट्याचे ठसे आहेत. वनविभागाला कळवलंय (हेल्पलाइन १९२६). पिंजरा लावा म्हणून मागे लागायचं नाहीये. एक पकडून नेला की रिकाम्या हद्दीत दुसरा येतो.

गोठ्याचा बेत असा : चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी, कारण भिंत कितीही उंच केली तरी तो पत्र्यावरून उतरतो. नेहमीची कुंपणाची जाळी नको, भोकातून पंजा घालून शेळी ओढतो. म्हणून २ इंची वेल्डेड जाळी, खाली दीड फूट विटांचं जोतं, दाराला वर-खाली दोन कड्या. नुसत्या रेट्याने एक कडी वाकते.

अडलंय ते इथं :

वेल्डेड जाळी किती गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी; आकडा लहान तितकी तार जाड) घ्यावी? १० गेज पुरेल की ८च हवी? लोखंडी अँगल किती फुटांवर?

रात्रीची थ्री-फेज वीज आली की पाणी द्यायला उसातून जावं लागतं. मोटारीला मोबाइल स्टार्टर (घरूनच फोनवरून मोटार चालू-बंद करणारं यंत्र) बसवून हे टाळलंय का कुणी? व्हॉल्टेज कमी असताना तो दगा देतो का?

आणि भटकी कुत्री. बिबट्या मुळात त्यांच्यासाठीच येतो. कोंबड्यांची आतडी, शिळं अन्न उकिरड्यावर न टाकता पुरायला ८ घरांना कसं पटवलंत? जाळीपेक्षा हेच अवघड दिसतंय.

फटाक्यांचे सल्ले कृपया नकोत.