मदत हवी आहे: चौथीच्या वर्गासाठी लोककथा

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. परिपाठात रोज बोधकथा असते, पण 'तात्पर्य' आलं की मुलं ते घोकतात आणि विषय संपतो. म्हणून आता आजीच्या तोंडच्या गोष्टी घेतेय.

परवा खुलभर दुधाची कहाणी सांगितली. राजाच्या हुकमाने गावातलं सगळं दूध ओतलं तरी गाभारा भरेना. म्हातारीने आधी लेकरांना, वासरांना पाजलं, उरलेलं खुलभर नेलं आणि गाभारा भरला. तात्पर्य न सांगता थांबले. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे राजाने वासरांना उपाशी ठेवलं!" मला हेच हवं होतं.

अडलंय ते चिमणी-कावळ्यापाशी. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा भिजत उभा, आणि चिमणी "थांब, बाळाला तीट लावते" म्हणत दार उघडत नाही. मुलांना तिचा राग येतो, आणि तो मला रास्त वाटतो. ही गोष्ट वर्गात कशी पुढे न्यावी? शेवट मुलांना बदलू द्यावा का? शिवाय अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीतल्या गोष्टी येत असतील तर कृपया बोलीतच, जमल्यास रेकॉर्ड करून पाठवा.